मागचं विमान

एकदा एका लहान मुलाने शेतात उभं राहून आकाशातली घरघर ऐकली. पिकांवर औषध फवारणारं जुनाट विमान होतं ते; पण तो आवाज त्याच्या मनात घर करून बसला. पुढे महायुद्ध पेटलं, तेव्हा हाच मुलगा, ग्लेब, सोव्हिएत हवाई दलात लढाऊ वैमानिक झाला.

त्याच्या तुकडीचा प्रमुख चाळिशीचा होता. विशीतल्या पोरांत चाळिशी म्हणजे वार्धक्यच. सारे त्याला 'बात्या' म्हणत. त्यांच्या बोलीत बात्या म्हणजे बाबा. तिथे विमानं जोडीने उडत. पुढचा शत्रूवर तुटून पडे, मागचा त्याची पाठ राखी. जो शत्रूचं विमान पाडी, त्याच्या विमानावर लाल तारा रंगवला जाई. बात्याच्या विमानावर ताऱ्यांची रांग होती. हिवाळाभर त्याच्या मागे उडणाऱ्या ग्लेबच्या विमानावर एकही नव्हता.

"रंगारी विचारत होता," जेवताना एक सोबती म्हणाला, "ग्लेबसाठी ब्रश ओला ठेवू, की धुऊन टाकू?"

सगळे हसले. ग्लेब ताट सरकवून उठला. त्याने बात्याला गाठलं.

"बात्या, मी किती दिवस तुमची सावली होऊन उडू? मला पुढची जागा द्या."

"बरं," बात्या म्हणाला. "उद्या तू पुढे. मी तुझ्या मागे."

प्रमुखाने पोराच्या मागे उडायचं? कुणालाच याचा अर्थ लागेना.

दुसऱ्या दिवशी ढगांखाली शत्रूचं विमान दिसलं. ग्लेबने पाठलाग केला आणि ते पाडलं. तो उतरताच सोबत्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात बात्याचं विमान डगमगत उतरलं. शेपटीची चाळण झाली होती.

"हे कधी झालं?" ग्लेबने विचारलं.

"तुझं लक्ष पुढे होतं तेव्हा. शत्रूची दोन विमानं तुझ्या पाठीवर आली होती."

"मला तर काहीच कळलं नाही."

"कळू नये म्हणूनच मागचा असतो, बाळा." हातमोजे काढत बात्या सावकाश म्हणाला, "मलाही हिवाळाभर कळलं नाही. तू काय काय अंगावर घेत होतास, ते मी वळून पाहिलं नाही. म्हणून तर मला पुढे पाहता आलं. घरी माझ्या दोन मुली आहेत. त्यांना अजून बाप आहे, तो तुझ्यामुळे. हे तोंडाने सांगायला मला जमेना. म्हटलं, एकदा तुझ्या जागी उडून पाहावं."

ग्लेबची मान खाली गेली.

"पुढची जागा तू मिळवली आहेस," बात्या म्हणाला. "यापुढे कोण पुढे उडेल, ते तूच ठरव."

शेपूट दुरुस्त झाल्यावर एका सकाळी दोन्ही विमानं मैदानात उभी राहिली, एक पुढे, एक मागे. ग्लेब पुढच्या विमानापाशी आला. त्याने काचेवर साचलेलं हिम बाहीने नीट पुसलं, मागे उभ्या असलेल्या बात्याकडे एकदा पाहिलं, आणि मागच्या विमानाकडे चालू लागला.