निळ्या दोऱ्याची गोधडी

मंडळी, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे तेव्हा मी जन्मलो नव्हतो, माझे आजोबाही नव्हते. पण खरी आहे, आणि तिच्यातलं गाढवही खरंच बोललं.

फार वर्षांपूर्वी, राज्यांना नावं द्यायची पद्धतही पडली नव्हती तेव्हा, एका राज्यात एक वैद्य राहत असे. त्याच्या हाताला गुण होता आणि कामाला शिस्त. लागण होईल अशा जखमांवर बांधायच्या पट्ट्यांना तो एका कडेने निळा दोरा घाली. निळा दोरा म्हणजे जाळायचं. परसातल्या खड्ड्यात तो त्या स्वतः जाळी, आणि राख निवेपर्यंत जेवायला बसत नसे.

एका वर्षी पुळ्यांच्या तापाची साथ आली. दारात रांग लागली. पट्ट्यांचा ढीग वाढला, धुराने रोगी खोकू लागले, वैद्याचं जेवण रोज लांबू लागलं. वैतागून त्याने एका गाढववाल्याला बोलावलं आणि गाठोडी गाढवाच्या पाठीवर चढवली.

"लांब कुठेतरी टाकून ये," वैद्य म्हणाला.

गाढवाने मान वळवून विचारलं, "लांब म्हणजे कुठे?"

"मला दिसणार नाही तिथे."

"मग दुसऱ्या कुणाला तरी दिसेलच की, महाराज."

गाढवाचं कोण ऐकतो? मालकाने त्याचा कान पिळला आणि गाठोडी ओढ्याकाठच्या घळीत रिकामी केली. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच.

घळीपलीकडे गोधड्या शिवणारी एक म्हातारी राहायची. त्या राज्याची रीत अशी, की बाळाचं पहिलं पांघरूण कोऱ्या कापडाचं करायचं नाही. वापरून मऊ झालेल्या कापडाचं शिवायचं. म्हातारीला घळीत हवं तेवढं मऊ कापड सापडलं. तेही वैद्याच्या घरचं! तिला वाटलं, यात औषध मुरलेलं असणार. तिने पट्ट्या ओढ्यात खळबळून घेतल्या, उन्हात वाळवल्या. निळा दोरा तर तिला इतका आवडला, की तो तिने चारही कडांना दिसेल असा बसवला.

त्याच हिवाळ्यात वैद्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बारशाला म्हातारी गोधडी घेऊन हजर.

"किनार सुरेख साधलीस, आजी," वैद्य म्हणाला, आणि त्याने आपल्या हाताने नातवाला तिच्यात गुंडाळलं.

तिसऱ्या दिवशी बाळाचं अंग तापलं. पाठीवर पुळ्या उठल्या. वैद्याने दूध तपासलं, पाणी उकळवलं, दाईला बोल लावले. गाव मात्र म्हणू लागलं, की म्हातारीची नजर लागली, तिला हाकलून द्या. लोकांनी तिला अंगणात ओढत आणलं. तिने हात जोडले, तर तिच्या बोटांवरही त्याच पुळ्या.

"मी वाईट कशाला चिंतेन, वैद्यबुवा? तुमच्याच घरचं कापड तुमच्याच नातवाला शिवलं. औषध मुरलंय ना त्यात."

वैद्याने गोधडी उजेडात धरली. निळा दोरा. चारही बाजूंनी.

तो म्हातारीजवळ गेला. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "तिला सोडा. ही गोधडी मी शिवली आहे."

त्यानंतर अकरा दिवस तो घळीत उतरत राहिला. एकेक पट्टी वेचून त्याने जाळली. गाढव काठावर उभं असायचं. म्हातारी पहिल्याच आठवड्यात त्याच तापाने वारली. बाळ मात्र सातव्या दिवशी डोळे उघडून हसलं, मोठं झालं, वैद्य झालं, आणि राख निवेपर्यंत त्याच खड्ड्याशी उभं राहू लागलं.

आता तुम्ही म्हणाल, बोलणारं गाढव ही याची थाप. नाही हो, गाढव बोललं होतं. थाप मी एकच मारली. बाळ हसलं नाही. ही गोष्ट ऐकायला लहान मुलंही बसतात, म्हणून इतकी वर्षं मी त्याला वाचवत आलो.

तात्पर्य: जखम ज्याने बांधली, तिच्या पट्टीची राख होईपर्यंत जबाबदारी त्याचीच.