दोन मोर्चे, एक सतरंजी

“...तर मग आधी काय, आक्का? शांतता की न्याय?”

दिगंबरनं विचारलं. आक्का जोत्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले.

अंगणाच्या कडेला सावर फुटली होती. तिचा कापूस दुपारभर हवेत तरंगत होता. खाली यायची त्याला मुळीच घाई नव्हती.

दिगंबरला होती. दुसऱ्या दिवशी मोर्चा होता.

आक्का म्हणजे आमच्या भागातल्या चळवळीची आई. विडी कामगारांचा संप, धरणग्रस्तांचा लढा, तुरुंग, सगळं करून आता त्या मळ्यातल्या एका खोलीत राहत. दिगंबर त्यांचा पट्टशिष्य. सत्तरी गाठलेला, पण आवाज अजून खणखणीत. माईक नसला तरी चौक हलवायचा, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

सीमेवर पुन्हा तोफा धडाडू लागल्या होत्या, म्हणून तालुक्याच्या गावी शांतता मोर्चा निघायचा होता. एक नव्हे, दोन. एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच चौकातून. एक दिगंबरचा, दुसरा सिद्रामचा. दोन शांतता मोर्च्यांत मारामारी होऊ नये म्हणून पोलिसांची जादा गाडी मागवली होती. आता यावर हसावं की रडावं!

दोघे आक्कांच्याच हाताखाली वाढलेले. एका ताटात जेवलेले, एका कोठडीत झोपलेले. पण वर्ष होत आलं, एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. संघटना फुटली तेव्हा रीतसर वाटण्या झाल्या. माईक दिगंबरनं नेला, बॅनर सिद्रामनं. सभेची सतरंजी कुणीच मागितली नाही. ती आक्कांकडे आली.

“उद्या आमच्या मोर्च्यात पुढं राहा,” दिगंबर म्हणाला. “चालायचं नाही. जीप आणतो. लोकांना एकदा कळू दे, खरा मोर्चा कुठला ते.”

“सिद्रामबी येनार हाय आत्ता,” आक्का म्हणाल्या. “ह्येच सांगाय.”

दिगंबर ताडकन उठला. “मग मी निघतो.”

“निघ. पर जाताना तेवडी सतरंजी घडी करून ठेव. सकाळधरनं उनात हाय.”

अंगणात ती पसरली होती. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, हॉलभर लांब.

दिगंबरनं चपला काढल्या. सतरंज्या उचलूनच तो कार्यकर्ता झाला होता, पण पुढारी झाल्यापासून हात लावला नव्हता. एक टोक उचललं, तर दुसरं धुळीत फरफटू लागलं. ते धरायला गेला, तर पहिलं सुटलं. मधून धरून पाहिली, तर सगळी पायात आली.

आक्का बघत होत्या. मदतीला उठल्या नाहीत.

तेवढ्यात फाटकाशी सिद्राम आला. दिगंबरला पाहून तिथेच थबकला.

“ये,” आक्का म्हणाल्या. “त्ये टोक धर.”

आक्कांचा शब्द आजवर दोघांपैकी कुणी मोडला नव्हता. सिद्रामनं टोक धरलं.

दोघांनी सतरंजी ताणली, झटकली. वर बसलेला सावरीचा कापूस भुरभुर उडाला आणि घटकाभर त्या पांढऱ्या धुक्यात दोघेही विशी-पंचविशीतले दिसले. सभा संपलीय, लोक घरी गेलेत, आणि हे दोघे मागे राहिलेत, असे.

रुंदीची घडी झाली. मग एकमेकांकडे चालत आले.

टोकाला टोक भिडलं. तोंडासमोर तोंड आलं.

ज्यानं कधी सतरंजी उचललीय त्याला पुढचं ठाऊक असतं. एकानं आपलं टोक दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि खाली लोंबणारी घडी वाकून उचलायची.

कुणीच टोक सोडेना.

“वाक की,” दिगंबर हळूच म्हणाला. “दर वेळी तूच वाकायचास.”

“व्हय,” सिद्राम म्हणाला. “दर वेळी मीच.”

...

“आजा वाकला, बा वाकला. भावाचं पोरगं फौजेत ग्येलं, पेटीतनं आलं. गावानं मसनात जागा दिली न्हाई. वढ्याच्या कडंला जाळलं त्येला. तवा तू काय म्हनालास, दिगंबर?”

दिगंबरला आठवत होतं. ‘आत्ता हा विषय नको. शांततेच्या कामात फूट पडेल,’ असं तो म्हणाला होता.

फूट तिथेच पडली होती.

“मी शांतताच मागतोय,” सिद्राम म्हणाला. “पर आज मी वाकनार न्हाई.”

कापसाचा एक पुंजका सिद्रामच्या पांढऱ्या केसांवर येऊन बसला. केस कुठले नि कापूस कुठला, कळेना.

दिगंबरनं तो पुंजका पाहिला.

दिगंबरनं आपलं टोक सिद्रामच्या हातात दिलं.

वाकला. गुडघे कडकडले. घडी हाताला लागली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत त्याला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तसंच वाकलेल्या अवस्थेत त्यानं मान वळवली.

“आता मिटलं ना, आक्का?”

आक्कांनी डोळे पुन्हा अर्धे मिटले.

“सतरंजी लांब हाय, दिगंबर. अजून लई येळा वाकावं लागंल.”