केरबाची खालची जागा

एका गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. जे सांगाल ते तो तसंच्या तसं करायचा. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना काही म्हणजे काही नीट सांगता यायचं नाही.

केरबाला लिंगावर चामखिळी उठल्या. बायको हौसा म्हणाली, आधी इलाज करा, मगच मी येते. आणि माहेरी निघून गेली.

चुलते दौलूतात्या त्याला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी स्पष्ट सांगितलं. मलम लावता येतं, गोठवता येतं, जाळून काढता येतं. सध्या मलम, फक्त चामखिळीवर. चांगल्या कातडीला लागलं तर भाजेल. पण बाईंनी लिंग हा शब्द उच्चारताच तात्या खोकायला लागले. त्या खोकल्यात केरबाला काही ऐकू आलं नाही.

"काय म्हणाल्या तात्या?"

"खालच्या जागेला लाव म्हणाल्या."

केरबाच्या दोन जागा होत्या, एक टेकडीवर, एक ओढ्याकाठी. त्यानं ओढ्याकाठच्या जागेच्या बांधाला मलम लावलं. ट्यूब संपली, बांध काही संपला नाही.

तात्यांनी कपाळावर हात मारला. पण शब्द? तो नाहीच उच्चारला.

"अरे गाढवा, चारचौघांत आपण जी झाकून ठेवतो ती जागा."

केरबानं विचार केला. चारचौघांत तात्या टोपी कधी काढत नाहीत. दुपारी तात्या झोपल्यावर त्यानं नवी ट्यूब त्यांच्या टकलावर रिकामी केली. टक्कल भाजून लाल झालं.

मग बाईंनी तात्यांना दाराबाहेर बसवलं आणि केरबाच्या चामखिळी स्वतः गोठवल्या. चार-पाच खेपांत गेल्या. परत उठल्या तर या, म्हणाल्या. शेवटच्या दिवशी एवढंच सांगायचं राहिलं होतं, की ज्यांच्याशी संबंध आला त्यांनीही तपासून घ्यावं. बाईंनी ते सांगितलं आणि तेवढ्यात तात्या आत आले.

"संबंध म्हणजे काय हो तात्या?"

तात्या छताकडे बघत म्हणाले, "उठणं-बसणं रे."

इलाज झाल्याचं कळल्यावर सासरे हौसाला घेऊन आले. पारावर पंच, सोसायटीचे चेअरमन, भजनी मंडळ, सगळे जमले होते. हौसा पिशवी घेऊन उभी होती. केरबा हात जोडून म्हणाला, "मंडळी, मला खाली चामखिळी होत्या. माझा ज्यांच्याशी संबंध आला, त्या सगळ्यांनी तपासून घ्यायचंय. चेअरमनसाहेब, तुमचा-माझा संबंध रोजचा. भजनी मंडळाचा दर गुरुवारी, रात्रभर."

जो तो शेजाऱ्यापासून थोडा सरकून बसला.

"आणि मामा, तुमच्याशी तर जन्माचा संबंध. तुमचा नंबर पहिला लावलाय."

सासऱ्यांनी हौसाचा हात धरला आणि पाणीही न पिता एसटीच्या थांब्याकडे निघाले. केरबा त्यांची समजूत काढत मागून धावला.

"मामा, लाजू नका. आधी जरा झोंबतं, मग नुसतं गार लागतं."