पदकावरचा रवा

खाडीकाठच्या नांदवली गावी श्रीचिद्घन महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही कथा. भाविकहो, ऐकताना डोळे भरून आले तर आवरू नका.

गावात भिवरा नावाची झारेकरीण राहत असे. सोनारांच्या पेढीवरची राख आणि केर धुऊन त्यातले सोन्याचे कण वेचायचे, ज्याचे त्याला परत करायचे, हा तिचा धंदा. मुखी अखंड महाराजांचे नाव. एका दुपारी तिची एकुलती एक लेक येसू तापाने गेली. मृताच्या मुखी सोन्याचा कण घालण्याची रीत. पण सारा जन्म सोने वेचण्यात घालवलेल्या भिवरेच्या घरी तेवढेही नव्हते हो!

ती मुकुंदशेट सोनारांकडे गेली. शेटांनी नुकतेच देवीसाठी समुद्रापलीकडच्या रूम देशाच्या धाटणीचे पदक घडवले होते. गलबतावरच्या व्यापाऱ्याकडे तसले एक पाहून, खसखशीएवढे सोन्याचे रवे एकेक झाळून, म्हणजे डाख देऊन, बसवले होते. हात कसबी, पण ताठा त्याहून मोठा.

"शेट, एका रव्याएवढं सोनं द्या. लेकीच्या तोंडात घालायचंय."

"जन्मभर माझी राख धुतलीस. घरातली मडकी बघ, चोरलेलं सापडेल की!"

पेढीवरचे लोक हसले. घरात लेकीचे मढे असलेल्या आईला हसले!

भिवरा महाराजांच्या पायांशी कोसळली. महाराजांचेही डोळे पाणावले. ते म्हणाले, "माय, आज धुतलेली राख पुन्हा धू."

"त्यात काही नाही, महाराज. माझ्या हातून कण सुटत नाही."

"माझ्यासाठी धू."

ती खाडीच्या पाण्यात उतरली. परात फिरवली आणि तळाशी एक गोल रवा चमकला. बातमी लागताच शेट धावत आले. "हा माझ्या पदकावरचा! चोरटी!" असे ओरडत ते पेढीवर परतले आणि त्यांनी कमरेच्या किल्लीने पदकाची पेटी उघडली. पदकाच्या मधोमध एका रव्याची जागा रिकामी होती. पण तो रवा तर सकाळी भिवरा राख घेऊन गेल्यावर त्यांनी स्वतः झाळला होता आणि लगेच पेटीला कुलूप घातले होते. शेटांनी पेटी तशीच उघडी टाकली.

ते अनवाणी आले आणि महाराजांपुढे वाकले. महाराज म्हणाले, "इथं नव्हे. तिच्या पायांवर."

शेटांनी भिवरेच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले आणि ते हमसून हमसून रडले. महाराजांची करणी अगाध. पण येसू काही उठली नाही, हेही सांगितले पाहिजे.

भिवरेने रवा मुठीत घट्ट धरला होता. ती म्हणाली, "उठा शेट. खांद्याला एक माणूस कमी पडतंय."