तोडलेलं पाणी

मांडवडीच्या बारवेजवळ, चिंचेखाली श्रीनिजानंद महाराज मुक्कामास होते, तेव्हाची ही गोष्ट.

महाराजांना पेज वाढल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असा सगुणेचा नेम. तिचे सासरे येसाजीराव पानमळ्याचे धनी. चारचौघांत हिणवायचे, "पेजेनं वैकुंठ मिळतं होय गं?" ती बिचारी खाली मान घालून जाई.

पोळा झाला आणि तिच्या दीड वर्षाच्या नारूला जुलाब लागले. येसाजीरावांनी हुकूम सोडला, "पाणी तोडा! अंगावरचं दूधही बंद. पोटात गेलं तरच बाहेर येतंय ना?"

किती लेकरं खाल्ली या समजुतीनं! दुपारपर्यंत नारूचे डोळे खोल गेले. रडे, पण टिपूस येईना. सगुणा त्याला उचलून चिंचेखाली धावली. मागून सासरे काठी आपटत आले. "आता बुवा जुलाब बांधणार का?"

महाराजांचा चेहरा लाल झाला. "येसाजी! वाफ्यातून पाणी पाझरलं तर पाट बंद करतोस?"

"छे! वेल जळंल. जादा सोडतो."

"मग या वेलीनं काय पाप केलं रे? आणि पोळ्याचे बैल कुठं धुतलेस?"

येसाजीरावांची नजर बारवेकडे गेली. नदी लांब म्हणून सगळे बैल त्यांनी याच बारवेत घातले होते.

"गावाला शेणामुताचं पाणी पाजलंस, आणि तहानलेल्या लेकराचं तोडलंस! चूल पेटव!"

वैद्याकडे माणूस धाडला. पाणी खळखळून उकळलं, निववलं, त्यात चिमूट मीठ नि गूळ घातला. महाराज म्हणाले, "घोट घोट पाज, माये. ओकला तर जरा थांबून पुन्हा. दूध तोडू नकोस."

पण नारू गिळेना. पाणी ओठांवरून ओघळलं. सगुणेनं हंबरडा फोडला.

महाराजांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. "नारायणा, माझ्या वाट्याचं पाणी याला दे!"

काय सांगू मायबहिणींनो! सगळ्यांदेखत महाराजांचे ओठ सुकले, तडकले, रक्त आलं. आणि इकडे नारूनं घोट गिळला! मग दुसरा. वैद्य पोचले तेव्हा तो भोकाड पसरून रडत होता, आणि गालावर टपोरा थेंब होता.

येसाजीराव पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. राग अजून निवला नव्हता. "आधी सुनेची क्षमा माग. मग बारव उपस."

"सूनबाई, चुकलो गं," म्हणत येसाजीराव पायऱ्या उतरले. आजवर कुणापुढं न लवलेली ती मान, गावादेखत गाळाची पाटी भरायला खाली वाकली.