ठकूच्या खडकावरची कांडवेल

हात लावू नका ताई, खाजेल. खडकावर चढलीय ती कांडवेल. बघा कशी, चौकोनी कांडं एकाला एक जोडलेली, पेरापाशी एखादं पान आणि समोर धरायला दोऱ्यासारखा तणावा. कॉलेजातली माणसं म्हणतात, ही द्राक्षाच्या कुळातली. असेल. आम्ही तिला ठकूची वेल म्हणतो.

फार मागं ही वेल गोल होती म्हणे, पानांनी भरगच्च. त्या काळी आम्हा धनगरांचा नेम कडक. पाणी आटलं की मेंढरं-माणसांसकट सगळा तळ हलायचा, मोडलेल्या माणसासाठी थांबायचा नाही. थांबलं तर मेंढरं तहानेनं जायची. अशाच एका उन्हाळ्यात ठकूचा नवरा मायाप्पा या खडकावरून पडला. नडगी मोडली. तळ निघाला, तेव्हा तो तिला म्हणाला, "तूबी जा." ठकू म्हणाली, "गप पड."

तिला माणसाचं हाड बसवता येत नव्हतं, मेंढराचं यायचं. मग नवऱ्यालाही मेंढरासारखंच गुडघ्याखाली दाबून धरलं. पायाला चारी बाजूंनी काठ्या लावल्या, दोर नव्हता म्हणून आत-बाहेर ही वेलच गुंडाळली आणि जागोजागी आवळली. ओढ्यात झिरा खणून पाणी काढलं. खायला काही नाही, म्हणून वेलीची पानं ओरबाडून खाल्ली. घसा असा खाजला, की बाई थयथया नाचायला लागली. जगायची आशा सोडलेला मायाप्पा ते बघून पोट धरून हसला. मला विचाराल तर हाड तिथंच सांधायला लागलं.

काठ्या सोडल्या तेव्हा मधे दबलेली वेल चौकोनी झालेली, आवळलं तिथं पेरं पडलेली. टाकलेलं एकेक कांड मातीला लागलं नि रुजलं, असं सांगतात. पानं मात्र तेव्हापासून मोजकीच.

पाऊस होऊन तळ परतला. दोघांना मूठमाती द्यावी म्हणून तळाचा कारभारी खडकाकडं आला, तर मायाप्पा लंगडत सामोरा. कारभाऱ्याला मान वर करवेना. ठकूनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो आधी सगळ्यांदेखत तिच्या पाया पडला, मग पाणी प्याला.

आजही कुणाचं हाड मोडलं की आम्ही इथलं कांड नेतो आणि एक मातीत खोवून जातो. आणि तळ हलताना कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं, तर त्याच्या पालाशेजारी आणखी एक पाल उभंच राहतं. कोण थांबणार, हे विचारावं लागत नाही.