पिटकी पाल आणि ढब्बू गाडीचा नट

एक होती गाडी. तिचं नाव ढब्बू.

ढब्बू जुनी. फार फार जुनी. पोट गोल, डोळे वाटोळे, रंग जांभळाचा.

ढब्बूत राहायची एक पाल. तिचं नाव पिटकी.

ई करायचं नाही. पाल आहे म्हणून काय झालं? ती आई होणार होती. तिने दोन अंडी घातली होती. पांढरी, गोल, वाटाण्याएवढी. कुठे घातली होती? ढब्बूच्या दिव्यात. डाव्या नाही, उजव्या.

पालीची अंडी घट्ट चिकटून बसतात. उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. हे लक्षात ठेवा.

गाडीचे मालक भिवातात्या. तात्या ढब्बूला पुन्हा नवी करत होते. दार ठोकलं, रंग दिला, गादी शिवली. तीन चाकं बसवली. राहिलं पुढचं डावं चाक. तिथे गाडीखाली नुसत्या विटा.

चाकाच्या मधोमध लागतो एक मोठा नट. जुन्या गाडीला जुनाच नट. तो आता कुठे मिळत नाही. तात्यांनी पुण्यात शोधला. नाही. मुंबईत शोधला. नाही. शेवटी बेळगावच्या जुन्या बाजारात मिळाला. एकच!

तात्यांनी नट हातात घेतला. हाताला होतं तेल.

सुर्रर्र! टण्ण! टिंग टिंग टिंग. गडगड गडगड. गुडुप!

नट गेला गटारात.

काठी घातली. नाही आला. चुंबक सोडलं. नाही आला. तात्या मटकन खाली बसले.

"संपलं," तात्या म्हणाले. "आता न्हाई होत माझ्यानं. संध्याकाळी भंगारवाला येऊ दे. घेऊन जाऊ दे ही गाडी."

भंगारवाल्याकडे असतो मोठा हातोडा. धाड धाड! दाराचा चुरा. धाड धाड! दिव्याचा चुरा. आणि दिव्यातल्या अंड्यांचा?

पिटकी दिव्यातून खाली उतरली.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटकी गेली तात्यांकडे.

"चुक चुक! तात्या तात्या, गाडी देऊ नका."

"कुणाला चूक म्हणतीस?" तात्या रागावले.

"चूक नाही हो, चुक चुक. आमची बोलीच तशी."

"असं होय. पण गाडी हलत न्हाई, मी तरी काय करू? चाक बसलं तर ठेवतो. न्हाई बसलं तर दिली."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटकी गेली चाकाकडे. चाक भिंतीला टेकून बसलं होतं.

"चुक चुक! चाका चाका, गाडीला बस."

"कुणाला चूक म्हणतेस?"

"चूक नाही रे, चुक चुक. आमची बोलीच तशी. गाडी हलेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"मी नाही बसणार," चाक म्हणालं. "नटाशिवाय बसलो तर घरंगळत जाईन. आधी नट आण."

नट कोण करतं? समोरच्या बानूमावशी करतात. त्यांच्याकडे लेथ आहे. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापायचं यंत्र. घर्रर्र, घर्रर्र!

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटकी गेली बानूमावशींकडे.

"चुक चुक! मावशी मावशी, नट करा."

"कुणाला चूक म्हणतीस गं?"

"चूक नाही हो, चुक चुक. आमची बोलीच तशी. चाक बसेना, गाडी हलेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"करते की," मावशी म्हणाल्या. "पण नट केवढा? कसा? नमुना आण. नमुना न्हाई तर नट न्हाई."

आता नमुना तर गटारात! पिटकी विचार करू लागली. मग तिला आठवलं. ढब्बूच्या मागच्या डाव्या चाकाला अगदी तसाच नट आहे.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटकी गेली मागच्या नटाकडे.

"चुक चुक! नटा नटा, नमुना हो."

"कुणाला चूक म्हणतेस?"

"चूक नाही रे, चुक चुक. आमची बोलीच तशी. नट होईना, चाक बसेना, गाडी हलेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"मी नाही सुटणार," नट म्हणाला. "सगळी गाडी या चाकावर बसलीय. आधी जॅकला सांग, गाडी उचल."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटकी गेली जॅककडे. जॅक कोपऱ्यात वाकून बसला होता.

"चुक चुक! जॅकदादा जॅकदादा, गाडी उचला."

"कुणाला चूक म्हणतेस?"

"चूक नाही हो, चुक चुक. आमची बोलीच तशी. नमुना सुटेना, नट होईना, चाक बसेना, गाडी हलेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"आई गं!" जॅक कण्हला. "गंजून गंजून माझी कंबर धरलीय. मी नाही चढणार. आधी तेल आण."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. पिटकी गेली तेलाच्या बुधलीकडे. बुधलीला होती लांबलचक चोच.

"चुक चुक! बुधले बुधले, तेल दे."

"अं अं अं अं अं?"

बुधलीला बोलता येईना. चोचीत चिखल भरला होता. पिटकीला मात्र कळलं. ती विचारत होती, कुणाला चूक म्हणतेस?

"चूक नाही गं, चुक चुक. आमची बोलीच तशी. जॅक चढेना, नमुना सुटेना, नट होईना, चाक बसेना, गाडी हलेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"अं अं अं," बुधली म्हणाली आणि चोच हलवली. चोचीच्या टोकावर बसली होती कुंभारीण.

कुंभारीण ही एक माशी. कंबर दोऱ्याएवढी, आणि तोरा केवढा! चिखल आणायचा आणि मिळेल त्या भोकात घर बांधायचं. बुधलीच्या चोचीत तिचंच घर चाललं होतं.

"चुक चुक! कुंभारणी कुंभारणी, दुसरीकडे जा."

"कुणाला चूक म्हणतेस?" कुंभारीण फणफणली. भुंईं!

"चूक नाही गं, चुक चुक. आमची बोलीच तशी. तेल येईना, जॅक चढेना, नमुना सुटेना, नट होईना, चाक बसेना, गाडी हलेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"मी नाही जाणार. आत्ताच तर बांधायला घेतलंय. दुसरीकडे बांधायचं तर नवा चिखल नको? गल्लीत चिखल एकाच जागी. तिथे बसलीय म्हैस. आधी तिला उठव."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आता पिटकीचे पाय दुखू लागले. ऊन कलायला लागलं. पण ती गेली म्हशीकडे. म्हैस चिखलात बसली होती. डोळे मिटून, रवंथ करत.

"चुक चुक! म्हशी म्हशी, ऊठ."

"हम्म्म. कुणाला चूक म्हणतेस?"

"चूक नाही गं, चुक चुक. आमची बोलीच तशी. कुंभारीण जाईना, तेल येईना, जॅक चढेना, नमुना सुटेना, नट होईना, चाक बसेना, गाडी हलेना. माझ्या अंड्यांचं काय?"

"मी नाही उठणार," म्हैस म्हणाली. "उठले की माशा चावतात. पाठीवर माशा, कानात माशा. शेपूट मारून मारून दमले बाई. माशा गेल्या तर उठेन."

पिटकीने माशांकडे पाहिलं.

माशांनी पिटकीकडे पाहिलं.

या वेळी पिटकी काही म्हणाली नाही. चुक चुकसुद्धा नाही. सकाळपासून बिचारीच्या पोटात काही नव्हतं. तिने जीभ बाहेर काढली.

लप्प! एक माशी.

लप्प! आणखी एक.

लप्प लप्प लप्प! राहिलेल्या माशा भुर्रकन पळाल्या. पिटकीने छान ढेकर दिला.

मग काय!

म्हैस उठली. पच्चक!

कुंभारणीने चोचीतला चिखल उकरून टाकला, नवा चिखल घेतला. ती भिंतीवर गेली. भुंईं!

बुधलीची चोच मोकळी झाली. तेल आलं. टप टप टप!

तेल पडलं जॅकवर. जॅक चढला. कर्र, कर्र, सुळ्ळ!

"तात्या तात्या, मावशींना नटाचा नमुना द्या!" पिटकी ओरडली.

"अरेच्चा!" तात्या उठून उभे राहिले. "जॅक चालायला लागला की! नमुना पाहिजे न्हवं? आत्ता देतो!"

तात्यांना झाली घाई. घाईत जॅक लावला उजवीकडे. मागच्या उजव्या चाकाचा नट काढला आणि पळत गेले बानूमावशींकडे. मावशींनी लोखंड लेथला लावलं.

पिटकी धावत आली. सुळुक सुळुक सुळुक सुळुक!

"चुक चुक! चुक चुक!"

"ठाऊक आहे गं," तात्या म्हणाले. "तुमची बोलीच तशी."

"चुक चुक! चुक चुक!"

"होय गं बाई," मावशी म्हणाल्या. "तुमची बोलीच तशी."

पिटकी लेथवर चढली. शेपूट आपटून ओरडली, "बोली नाही हो! आत्ता खरंच चूक! चाक डावं आणि नट आणला उजवा! उजवा नट असा फिरतो. डावा नट तसा फिरतो!"

तुम्ही फिरवून बघा बरं बोट. एकदा असं. एकदा तसं. बघा, किती वेगळं!

मावशींनी लेथ बंद केला. नट हातात धरून फिरवला.

"तात्या," त्या म्हणाल्या, "पाल बरोबर बोलती."

तात्यांनी जीभ चावली. पळत परत गेले. उजवा नट उजवीकडे बसवला. जॅक डावीकडे लावला.

"कधीचा वाट बघतोय," मागचा डावा नट म्हणाला. नमुना सुटला.

मावशींनी नमुना बघितला. लेथ सुरू केला. घर्रर्र! घर्रर्र!

आणि तेवढ्यात, पों पों! भंगारवाल्याचा टेम्पो आला. भंगारवाला उतरला. त्याच्या खांद्यावर हातोडा. मोठ्ठा!

"कुठाय गाडी?" भंगारवाला म्हणाला.

घर्रर्र! घर्रर्र!

पिटकी पळाली. दिव्याच्या काचेवर जाऊन बसली. चारही पाय काचेला घट्ट चिकटवले.

"हट," भंगारवाला म्हणाला.

पिटकी हटली नाही.

"झाला! नट झाला!" मावशी हातात दोन नट घेऊन धावत आल्या. एक जुना, एक नवा. जुना मागे बसला. चाक म्हणालं, "सरका, मी आलो!" चाक पुढे बसलं. तात्यांनी त्यावर नवा नट फिरवला. असं नाही. तसं. घट्ट, घट्ट, आणखी घट्ट!

विटा काढल्या. तात्यांनी आणि मावशींनी मागून जोर लावला.

हैशा!

गाडी हलली!

"मग मी काय नेऊ?" भंगारवाल्याने विचारलं.

"विटा ने!" तात्या म्हणाले.

भंगारवाला विटा घेऊन गेला. पों पों!

तात्या पिटकीजवळ आले. "पिटके, तुझ्यामुळं माझी गाडी राहिली. तुला काय पाहिजे, सांग."

पिटकी काचेवरून बाजूला झाली. तात्यांनी आत वाकून पाहिलं. दोन अंडी. पांढरी, गोल, वाटाण्याएवढी. तात्या किती तरी वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी गाडीची चावी काढली आणि खिशात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली जमली. "तात्या, चाक बसलं, नट बसला. चला की फिरायला!"

"न्हाई," तात्या म्हणाले.

"गाडी हलत नाही?"

"हलती की. पण हलवायची न्हाई."

"का?"

"हळू बोला," तात्या म्हणाले. "आत बाळं झोपल्यात."

आणि ढब्बू गाडी उभी राहिली. नव्या रंगाची, चारही चाकांची, एकदम तयार. आज उभी, उद्या उभी, परवाही उभी. तात्या रोज यायचे. काच पुसायचे. अगदी हलक्या हाताने. पिटकी दिव्यात अंड्यांशेजारी निवांत झोपायची.

एका सकाळी दिव्यात आवाज झाला. टिक! मग आणखी एक. टिक!

दोन इवल्या पाली बाहेर आल्या. एवढ्याशा! आपल्या नखाएवढं तर डोकं.

तात्यांनी चावी काढली. बानूमावशी शेजारी बसल्या. पिटकी पिल्लांना घेऊन दिव्याच्या काचेच्या आतल्या बाजूला चिकटली.

खर्र, फुस्स. खर्र, फुस्स. खर्रर्र, भुर्रर्र!

गाडी भुर्र, पाली सुर्र, गोष्ट गेली दूर दूर.